चिलटांवरचा रामबाण उपाय

गोगलगायींच्या पेटीतली चिलटं कशी घालवायची, हे अख्ख्या मालवण तालुक्यात फक्त मला ठाऊक आहे! उगाच बढाई नाही. उपाय मी स्वतः केला आणि स्वतःच भोगला.

अठ्ठावन्न साली मी आचऱ्याजवळच्या एका गावात शास्त्र शिकवायला होतो. भिकाजीकाका आणि आनंदीकाकी यांनी मला पडवीतली खोली दिली होती. गावात दुसरी खोली नव्हती. असती तरी माझ्या गोगलगायींना कोण घेणार? लोक पोपट पाळतात, मी आंब्याच्या पेटीत माती भरून गोगलगायी पाळल्या होत्या. भुंकत नाहीत, चावत नाहीत, शेजाऱ्याकडे जायचं म्हटलं तरी आठवडा लागतो!

श्रावणात त्या ओल्या मातीत चिलटं झाली. आधी पेटीत, मग पडवीत, मग थेट काकीच्या सोलकढीत! एकेक चिलट बोटाने काढत काकी म्हणाली, "मास्तरांनु, हेंका आवरा. नायतर मी तुमका आवरतंय!"

"काकी, अंडी मातीत असतात. माती भाजली की खेळ खलास!" मी छाती फुगवून म्हणालो. "शास्त्र आहे माझ्या हातात!"

सोमवारी सकाळी काकी विहिरीवर गेली आणि मी कामाला लागलो. गोगलगायी ओल्या पानांखाली एका परडीत ठेवल्या. हाताला लागली ती खापरी चुलीवर चढवली आणि माती भाजायला घेतली. असा काही वास सुटला की गोठ्यातल्या म्हशीने दावं तोडलं!

"माजी खापरी!" दारात काकी. कमरेवरची कळशी खाली. "देवाच्या घावन्यांची खापरी! गोगलगाय नि पोटात पाय मेल्याचे! अवो, आजच्या आज ह्या मास्तराक भायर काढा!"

काका बिचारे देवमाणूस. "पोटच्या झिलासारखो आसा गो तो," म्हणाले. "देवाक इचारूया. देव सांगात तसा." आणि मला हळूच, "भियां नको मास्तर. माजो देव उजवोच कौल देतलो."

काकांनी अंगणातली फुलं तोडून परडी भरली आणि आम्ही देवळात गेलो. म्हाताऱ्या गुरवाने देवाला फुलं वाहिली, मग ओल्या दोन पाकळ्या मूर्तीच्या दोन बाजूंना चिकटवल्या. उजवी पडली तर मास्तर राहणार, डावी पडली तर जाणार.

"बा देवा म्हाराजा!" गुरवाने गाऱ्हाणं घातलं.

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"ह्यो परक्याचो झील हयसर रवता. तेच्या हातून काय चुकला आसात तर पदरात घी, आनि तेका घरात ठेव!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझाच!

उजवी पाकळी लोंबायला लागली. काकांचा चेहरा फुलला. तेवढ्यात मूर्तीच्या डाव्या खांद्यावरच्या तगरीच्या फुलांतून दोन शिंगं बाहेर आली.

परडी! मी गोगलगायी काकांच्या फुलांच्या परडीत ठेवल्या होत्या!

जन्मात कधी घाई न केलेली ती बया तुरुतुरु निघाली, डाव्या पाकळीवर चढली आणि पाकळी टपकन खाली. काम उरकून बाईसाहेब शंखात!

"डावो कौल!" गुरव म्हणाला. त्याला काही दिसलं नव्हतं.

ओरडावंसं वाटलं, अहो, हा कौल देवाचा नाही, माझ्या गोगलगायीचा! पण मग देवाच्या परडीत त्या कुणी ठेवल्या, हेही सांगावं लागलं असतं. निमूटपणे परडी उचलली आणि उरलेल्या गोगलगायी घरी आणल्या.

संध्याकाळी शाळेच्या ओसरीत मुक्काम हलवला. गोगलगायींची पेटी काकांनी स्वतःच्या डोक्यावरून आणली. "माजाच गाऱ्हाणा खंय तरी कमी पडला, मास्तर," असं म्हणून त्यांनी पंच्याने डोळे पुसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागून काकी आली. माझ्या हातात खापरी दिली. "घेवा. माती भाजूक लागतली."

मान वर करवेना. पण उपाय रामबाण होता, हे मात्र मान्य करायला हवं. भाजलेल्या मातीत एक चिलट उरलं नाही. आणि त्या घरात मीही नाही!