मागच्या टायरचा नवस

गाडीच्या वार्षिक टेस्टचा कागद पोस्टानं आला. युडिथनं तो फ्रिजवर चिकटवला, त्याच्यावर बोट ठेवलं आणि नवऱ्याला सांगितलं, "ह्या वेळी नापास झाली तर विकायची. कबूल केलंत तुम्ही."

"मी? कधी?"

"मागल्या वर्षी. पाय प्लास्टरात होता तेव्हा."

पाय प्लास्टरात असताना येहेझकेलनं बरंच काही कबूल केलं होतं. त्यातलं एवढंच नेमकं बायकोच्या लक्षात राहावं, हे त्याचं नशीब. चौदा वर्षं तो ह्याच मोटारसायकलवरून अश्दोदच्या बंदरात कामाला गेला. पेन्शनीत निघाल्यावर काम गेलं, दोस्त पांगले, राहिली ती गाडी. ती गेली की मुलाच्या मोटारीत मागच्या सीटवर, नातवाच्या खुर्चीशेजारी पट्टा लावून बसायचं. ह्या विचारानं त्याला खरोखर भीती वाटे. म्हणून तो गुपचूप एलियाहू हन्नाबी ह्या संदेष्ट्याला नवस बोलला, की गाडी पास होऊ दे, मलिदा करीन. पोहे, नारळ, साखर, पाच फळं आणि सगळे शेजारी.

गाडी तशी धडधाकट होती. फक्त मागचा टायर घासून गुळगुळीत झाला होता, त्याच्यावरचा आकडासुद्धा वाचता येत नव्हता. मुलाचा, लिओरचा, फोन आला. आईबापांचं मराठी त्याला सगळं कळे, पण तो ह्याच देशात वाढलेला, उत्तर हिब्रूतच देई.

"अब्बा, टायरची साइज लायसनवर लिहिलेली असते. बघून घ्या."

"मुंबईला रेल्वेच्या वर्कशॉपात मी इंजिनांची चाकं बसवलीत. आणि हा मला कागद वाचून टायर घ्यायला सांगतो," येहेझकेल म्हणाला आणि लायसन खणात ठेवून, चाक काढून घेऊन टायरच्या दुकानात गेला.

दुकानदारानं चाक बघितलं. "एकशे दहाचा लागेल बहुतेक. लायसन आणलंय?"

"एकशे तीसचा दे. जाड असला की रस्ता धरून राहतो. मागं बायको बसते."

पाच वर्षांत बायको मागं बसली नव्हती. दुकानदारानं खांदे उडवले आणि एकशे तीसचा टायर चढवून दिला.

इमारतीच्या अंगणात चाक गाडीला बसलं, पण फिरेना. टायर चेनच्या कव्हरला घासत होता. येहेझकेलनं कव्हर काढून ठेवलं. मग टायर खुद्द चेनलाच घासू लागला, तेव्हा त्यानं वॉशर घालून चाक उजवीकडे सरकवलं. उजवीकडे ब्रेकची सळी आडवी आली. ती तापवून वाकवली.

युडिथ गॅलरीतून बघत होती. "टायर बदलताय, की नवीन गाडी बांधताय?"

"अ‍ॅडजस्टमेंट चाललीय."

तिसऱ्या दिवशी गाडी चालू लागली, फक्त जरा खेकड्यासारखी तिरकी. येहेझकेलला ते दिसत नव्हतं, कारण तो वर बसलेला असे.

टेस्टच्या ठिकाणी गाड्या तपासायला पाझित नावाची मुलगी होती. येहेझकेल तिला वाकवलेल्या सळीमागची अक्कल समजावू लागला. ती खाली बसली, टायरवरचा आकडा वाचला, मग लायसन वाचलं.

"हा एकशे तीसचा. इथं एकशे दहा लिहिलंय. नापास."

"अगं, ब्रेक तरी बघ."

"ब्रेकपर्यंत पोचलोच नाही, आजोबा. नीट करून घेऊन या, परत तपासू."

घरी युडिथ दारातच उभी होती. "काय झालं?"

"टेस्ट अर्धी झाली. उरलेली अर्धी पुढच्या आठवड्यात."

"म्हणजे नापास."

"फेरतपासणी त्याच टेस्टमध्ये धरतात. विचार लिओरला."

आता कडाक्याचं भांडण होणार म्हणून येहेझकेल तयारीत होता. पण युडिथचा चेहरा चक्क प्रसन्न होता. "जा आणखी एकदा," ती म्हणाली. "त्यानंतर मात्र भंगारवाल्याला बोलावीन." आणि गुणगुणत ती स्वयंपाकघरात गेली. येहेझकेलला हे काही ठीक वाटलं नाही.

एकशे दहाचा टायर आला. वॉशर निघाले, सळी सरळ झाली, कव्हर जागेवर बसलं आणि चाक कसलीही कुरकुर न करता फिरलं. तीन दिवसांची कारागिरी अर्ध्या तासात पुसली गेली. पाझितनं सगळं तपासून शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी चहाच्या वेळी येहेझकेल घसा खाकरून म्हणाला, "युडिथ, मलिदा करायचाय. गाडी पास होऊ दे म्हणून नवस बोललो होतो."

युडिथनं कप खाली ठेवला. "मलापण करायचाय."

"तुला कशाचा?"

"गाडी नापास होऊ दे म्हणून."

दोघांचंही गाऱ्हाणं वर पोचलं होतं, आणि दोघांचंही ऐकलं गेलं होतं. आधी नापास, मग पास.

"मागल्या वर्षी तुम्हाला रस्त्यात पडलेलं मी बघितलंय," युडिथ म्हणाली. "परत बघायची ताकद नाही मला."

येहेझकेलनं तिच्या कपात आणखी चहा ओतला. "मग एकच मलिदा करू, दोघांचा मिळून," तो शेवटी म्हणाला.

"नवस दोन, मलिदे दोन. तिथं लबाडी नको. पण घरात पोहे नाहीत, इथल्या दुकानातले संपलेत. रामल्याच्या इंडियन दुकानात जायला लागेल."

"बसनं गेलीस तर संध्याकाळी शब्बाथ लागायच्या आत परत येणार नाहीस. लिओर कामावर आहे. मी जाऊन आणतो."

"तुम्ही? पुडा न वाचता दुकानातले सगळ्यात जाड पोहे उचलून आणाल. मी येते."

खाली आल्यावर युडिथनं हात पुढे केला. "लायसन."

येहेझकेलनं मुकाट्यानं दिलं. चष्मा लावून ती गाडीमागं वाकली, टायरवरचा आकडा वाचला, लायसनवरचा वाचला, पुन्हा टायरवरचा वाचला. मग पदर खोचून मागं बसली आणि नवऱ्याच्या कमरेला घट्ट विळखा घातला.

गाडी निघाली. अगदी सरळ. कोपऱ्यावर वळताना येहेझकेलला पाठीमागून पुटपुटणं ऐकू आलं.

"सुखरूप घरी पोचव रे हन्नाबी, मी…"

"युडिथ," तो घाईघाईनं म्हणाला, "बोलू नकोस. तिसऱ्यालापण पोहे लागतील."