कोल्ह्याचा टॉप व्ह्यू

मी निवृत्त आहे, असे लोक समजतात. ही समजूत मी दुरुस्त केलेली नाही, कारण निवृत्त दिसणे हे गुप्तहेराच्या कामाला पोषकच असते. तंत्रनिकेतनातून यंत्ररेखनाची पदविका घेतल्यावर मी सारी हयात पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात काढली. तेवढ्या काळात माझ्या टेबलावरून एकही चुकीची रेघ कार्यशाळेत गेली नाही. ज्या गेल्या, त्या वरून आल्या होत्या. तेव्हा निरीक्षण, मापन आणि टोकदार पेन्सिल या तीन गोष्टी अंगी असलेल्या माणसाने निवृत्तीनंतर रहस्ये उकलू नयेत, तर काय वांगी निवडावीत? निसर्गानेही मला या व्यवसायाला साजेसे, बऱ्यापैकी लांब नाक दिले आहे. ते कोठेही खुपसता येते, असे घरात म्हणतात.

आजवर मी हाती घेतलेली सर्वच्या सर्व प्रकरणे सुटली आहेत. ती कोणी सोडवली, हा तपशील गौण आहे.

माझ्या कामात मला एक सहायक आहे. ती माझी पत्नी. सहायकाचे पद तिने स्वीकारलेले नाही, पण राजीनामाही दिलेला नाही.

प्रस्तुत प्रकरण आमच्या मुलीचे. ती लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तके करते. तिच्या खोलीची खिडकी इमारतीच्या मागच्या बाजूस, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याकडे उघडते. त्या कारखान्यात दोनेक वर्षांपूर्वी एक कोल्हा राहायला आला. जंगल सोडून तो शहरात का आला, हे ठाऊक नाही. कोल्ह्याविषयीचे आपले एकूण ज्ञान आंबट द्राक्षे आणि काकडी यांच्यापुढे गेलेलेच नाही. मुलीने मात्र त्याला रोज संध्याकाळी खिडकीतून पाहिले, चितारले, आणि त्याचे एक पुस्तक झाले. मग दुसरे झाले. मुलांना कोल्हा फार आवडला. तिसऱ्याचे काम सुरू असताना प्रकाशनगृहातल्या संपादकबाईंचा फोन आला.

"अगं, एका शाळेत मोठा दंगा झालाय," बाई म्हणाल्या. फोन स्पीकरवर होता. तो तसा कोणी ठेवला, हे मी सांगणार नाही. "पहिल्या पुस्तकात शेपटीचं टोक पांढरं आहे. दुसऱ्यात नाहीच. मुलं म्हणतात, हा आपला कोल्हा नाही, हा तोतया आहे. एक तर रडायलाच लागली."

"मी जसा दिसला तसा काढला, ताई."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"मग असं कसं होईल? हे बघ, खरा कोणता ते येत्या रविवारपर्यंत मला सांग. नाहीतर तिसरं पुस्तक थांबवावं लागेल. मुलांना एकदा फसल्यासारखं वाटलं ना, की ती परत आपल्याकडे येत नाहीत."

फोन बंद झाला. मुलगी दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवून बसली.

"बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

येथे एखाद्या बापाने बापासारखे काही म्हटले असते. मी यंत्ररेखकासारखे म्हटले, "एकच वस्तू दोन ड्रॉइंगमध्ये दोन तऱ्हांनी दाखवली असेल, तर त्यांतले एक ड्रॉइंग चुकीचे असते."

तिने ब्रश पाण्याच्या बरणीत ठेवला. "मला कथा जमत नाहीत, बाबा. मला दिसतं ते मी काढते, एवढंच मला येतं. तेच जर चुकत असेल, तर मी काढू काय?"

दुसऱ्या दिवशीही ब्रश बरणीतच होता. तिसऱ्या दिवशी तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"लावलीत ना काडी?" पत्नी म्हणाली. "आता विझवा."

प्रकरण मी अधिकृतपणे हाती घेतले.

माझा पहिला सिद्धान्त रंगाचा होता. कोल्हा ताज्या रंगवलेल्या भिंतीला घासून गेला असणार आणि त्याच्या शेपटीला पांढरा रंग लागला असणार. मी रंगाऱ्याला गाठले.

"काका, या गल्लीत मी आजवर पांढरा कुणाला दिलेलाच नाही," तो म्हणाला. "सगळ्यांना पिवळाच हवा असतो."

दुसरा सिद्धान्त मैद्याचा. कोपऱ्यावरच्या बेकरीच्या मागील दारी मैद्याची पोती असतात. कोल्हा तेथे बसतो, शेपटी पांढरी होते, पाऊस येतो, शेपटी धुतली जाते. हा सिद्धान्त इतका सुबक होता की तो मोडताना बेकरीवाल्यालाही वाईट वाटले.

"माझ्या पोत्यांवर कोल्हा बसत असता," तो म्हणाला, "तर तुम्हाला मी हा पाव आत्ता विकला असता का?"

मी पाव परत पिशवीतून काढून पाहिला आणि ठेवून दिला.

तिसरा सिद्धान्त तोतयाचा, म्हणजे मुलांचाच. परंतु मी त्याला शास्त्रीय बैठक दिली. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे तांबूस रंगाचा, झुपकेदार शेपटीचा कुत्रा आहे. मुलीने दुसऱ्या पुस्तकात या कुत्र्यालाच कोल्हा समजून चितारले नसेल कशावरून? प्रश्न मापाचा होता. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच राहते, हे आपल्या पूर्वजांनी प्रयोगान्ती सिद्ध केलेले आहे, आणि वाकड्या वस्तूची लांबी दोऱ्याने मोजावी, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते. मोजताना वस्तू स्थिर असावी लागते, हेही शिकवले होते. ते मला नंतर आठवले.

"काका," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही त्याच्या शेपटीला दोरा का बांधताय?"

"बांधत नाही, मोजतोय."

"आणि तुमची विजार त्याच्या तोंडात का आहे?"

विजारीच्या उरलेल्या भागानिशी मी घरी परतलो.

शेवटी मी माझ्या मूळ विद्येकडे वळलो. कोणतीही वस्तू पूर्णपणे समजून घ्यायची, तर तिची तीन दृश्ये लागतात: समोरून, बाजूने आणि वरून. कोल्हा समोरून पाहिला होता इमारतीच्या रखवालदाराने.

"गेटच्या गजांमधून सटकन आत आला बघा, काका. अंग म्हणजे एवढंसं. मान तर बाईमाणसासारखी नाजूक."

बाजूने पाहिला होता बेकरीवाल्याने. "चांगला दांडगा आहे की! शटरसमोरून गेला तेव्हा बिस्किटांचा मोठा डबा चालत गेल्यासारखा वाटला."

वरून पाहिला होता आमच्या वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंनी, गच्चीतून.

"फार लांब हो तो," बाई म्हणाल्या. "आणि वळताना मधेमधे वाकतो. खरं सांगू? जरा तुटक तुटकच वाटला मला. पण मी चष्मा लावला नव्हता."

"तुटक?" माझे डोळे चमकले. "बाई, ड्रॉइंगमध्ये तुटक रेघ म्हणजे समोरून न दिसणारी, आत दडलेली कड!"

"असेल बाई," त्या म्हणाल्या. "मला तर तो सरगम म्हणत चालल्यासारखा वाटला."

मी फळ्यावर कागद ताणला आणि तिन्ही दृश्ये जुळवली. रुंदी रखवालदाराची, उंची बेकरीवाल्याची, लांबी बाईंची. पत्नी चहा घेऊन आली आणि कागदासमोर उभी राहिली.

"हे काय आहे?"

"कोल्हा."

"मला वाटलं इस्त्रीचं टेबल. त्याला पोटात बिजागऱ्या कशाला?"

"तो मध्ये वाकतो. साक्ष आहे तशी. बहुधा प्राणी थंडीत आकुंचन पावतो आणि उन्हाळ्यात प्रसरण पावतो. आकुंचनात शेपटीचे टोक आत ओढले जाते. म्हणून दुसऱ्या पुस्तकात ते दिसत नाही!"

तिने कप माझ्यापुढे सरकवला. "चहा प्या," ती म्हणाली. "प्रसरण पावाल."

रविवारी संध्याकाळी मी सर्वांना मुलीच्या खोलीत बोलावले. रहस्यभेद चारचौघांत करावा, असा या व्यवसायाचा संकेत आहे. संपादकबाई आल्या, रखवालदार, बेकरीवाला आणि गाण्याच्या बाई आल्या. डॉक्टरांनी कुत्र्याच्या वतीने नकार कळवला. मुलगी पलंगाच्या कडेला, हातांची घडी घालून बसली होती. तिचा ब्रश अजून बरणीत होता आणि पाण्याला आता वास येऊ लागला होता.

ड्रॉइंगवर उजेड नीट पडावा म्हणून मी खिडकीचा पडदा बाजूला सारला आणि खिडकीकडे पाठ करून उभा राहिलो.

"मंडळी," मी सुरुवात केली, "ज्याला आपण शोधत आहोत, तो याच खोलीत, या कागदावर आहे."

बेकरीवाल्याने जांभई दिली. मी आकुंचन-प्रसरणाचा नियम मांडला. संपादकबाईंनी घड्याळ पाहिले. मी बिजागरीकडे वळलो, आणि चमत्कार झाला. रखवालदाराचे तोंड उघडेच राहिले. बेकरीवाला जांभई अर्धवट टाकून खुर्चीतून उठू लागला. गाण्याच्या बाईंनी घाईघाईने पर्समधून चष्मा काढून लावला. एवढी एकाग्रता मला साऱ्या नोकरीत लाभली नव्हती. माझा आवाज आपोआप चढला.

"शू! जरा गप्प बसा ना," संपादकबाई कुजबुजल्या. मी रखवालदाराकडे करड्या नजरेने पाहिले.

मुलीनेही हातांची घडी सोडली होती. समोरून नजर न हलवता ती पलंगावर चाचपडत होती. तिच्या हाती पेन्सिल लागली आणि ती भराभरा लिहू लागली. माझे मुद्दे टिपून घेत आहे, असे वाटून मी बोलण्याचा वेग जरा कमी केला.

"आणि म्हणून," मी म्हणालो, "सदर प्राण्याच्या मध्यभागी..."

पत्नी उठली. माझे दोन्ही खांदे धरून, भिंतीला लावलेले कपाट वळवावे तसे तिने मला खिडकीकडे वळवले.

"अहो, आता जरा मागचा व्ह्यू बघा."

बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवरून, मावळत्या उजेडात, एक कोल्हा चालला होता. चांगला दांडगा, शेपटीचे टोक पांढरेशुभ्र. त्याच्यामागे एक पिल्लू. त्यामागे दुसरे. त्यामागे तिसरे, वाटेतले काहीबाही हुंगत रेंगाळणारे. आणि सर्वांच्या शेवटी, रेंगाळणाऱ्याला नाकाने ढकलत, नाजूक मानेची, साध्या शेपटीची कोल्हीण.

"बघा!" गाण्याच्या बाई पुटपुटल्या. "तुटक!"

भिंतीचे वळण आले. रांग मधेमधे वाकली आणि पलीकडे उतरून गेली.

"म्हणजे पहिल्या पुस्तकात हा," संपादकबाई सावकाश म्हणाल्या, "आणि दुसऱ्यात ही. दोन्ही बरोबर होती."

"पण मग एकही साक्षीदार दोघे आहेत असे का म्हणाला नाही?" मी विचारले.

"एक जण घर सांभाळत असेल, एक जण बाहेर पडत असेल. पिल्लं चालायला लागली, तेव्हा निघाले सगळे फिरायला," पत्नी म्हणाली. "पण एका घरात दोघं असू शकतात, हे तुम्हाला कसं सुचावं? इतकी वर्षं तुम्हीही या घरात एकटेच राहताय."

मी मुलीजवळ गेलो. मला काही म्हणायचे होते. पदविकेच्या अभ्यासक्रमात त्यासाठी वाक्य नव्हते.

"तो नियम," मी म्हणालो, "दोन ड्रॉइंग जुळत नसतील तर एक चुकीचे असते, तो. तो अपुरा होता."

"बाबा, हात काढा," ती मान वर न करता म्हणाली. "कागदावर सावली पडतेय."

तिसरे पुस्तक निघाले. त्यात पाचही जण आहेत. शिवाय एक बगळा आहे. त्याच्या गळ्यात चष्मा, बगलेत टेप, आणि चोच अशी की पानात मावत नाही. तो कोल्ह्यांचा शोध घेतो. प्रत्येक पानावर तो काहीतरी मोजत असतो आणि प्रत्येक पानावर कोल्हे त्याच्या पाठीमागून जात असतात. चोच प्रमाणात नाही, असे मी लेखी कळवले होते. सुधारित आवृत्तीत ती आणखी वाढली आहे.

वाचनालयात त्या पुस्तकाचे वाचन झाले, तेव्हा मी मुलांसोबत सतरंजीवर बसलो होतो. संपादकबाईंनी पान उलटले. बगळा वाकून बादली मोजत होता आणि साऱ्या खोलीने एकदम आरोळी ठोकली, "मागे बघ!"

मी मागे वळून पाहिले.

मागे, दाराच्या चौकटीला टेकून, आमची मुलगी उभी होती. हातात वही, हातात पेन्सिल. तिला दिसत होते ते ती काढत होती. मी नाक शक्य तितके आखडून घेतले आणि स्थिर बसलो.