फणसवाडीतला जागृत ढीग

माझ्या हातून बिघडलेली वस्तू अद्याप कोणी पाहिलेली नाही! पाकातले चिरोटे असोत, मुलांची लग्ने असोत, नाहीतर चाळीतल्या नळावरचे तंटे असोत, मी मनावर घेतले की काम तडीस गेलेच म्हणून समजावे. तेव्हा भाजीच्या देठांचे खत करणे ही काय मोठीशी बाब, असे मी चारचौघांत जाहीर केले. वाचकहो, त्या वाक्याची फळे मी अजून भोगते आहे.

झाले असे. समुद्रापलीकडे नागावला आमची सुपारीची बाग आहे. हे गेल्यापासून ती माझे धाकटे दीर चिंतामणी भावजी पाहतात. म्हणजे काय, तर रोज तिथे जाऊन हात जोडतात. माणूस लाखात एक, पण भाविक इतका, की वाटेत मैलाचा दगड दिसला तरी चपला काढील! संयुक्त महाराष्ट्रासाठी सत्याग्रह करून तुरुंगात गेले, तर तिथेही कोठडीत प्रदक्षिणा घातल्या म्हणे. त्या दिवाळीला ते आले, फराळ केला, आणि लाडवाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून म्हणाले,

"वहिनी, बाग विकून टाकू या."

"काय बोलताय काय, भावजी!"

"माती मेली हो तिथली. झाडं पिवळी पडली. देवाच्या मनातच नाहीये."

"देवाला कशाला मधे ओढता? मातीला काही खायला घातलंत का कधी?"

"मातीला?" भावजी माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी त्यांच्या गादीला जेवायला वाढा म्हणाले होते.

नवी नवरी म्हणून मी ज्या बागेत पाऊल टाकले, ती माझ्या डोळ्यांदेखत विकली जाणार? नुकतेच आमच्या महिला मंडळात शेतकी खात्यातल्या एका गृहस्थांचे व्याख्यान झाले होते. शहरातला ओला कचरा कुजवून जमिनीत घातला की मेलेली माती जिवंत होते, असे त्यांनी स्वच्छ सांगितले होते. मी तिथल्या तिथे भावजींना बजावले, "पावसाळ्याच्या आत बोटीतून खत पाठवते. ते घाला, मग बोला!" पावसाळ्यापर्यंत विक्री थांबवायला भावजी कसेबसे कबूल झाले.

दुसऱ्या दिवशी मी फणसवाडीतल्या आमच्या चाळीच्या चौकात, भिंतीकडच्या कोपऱ्यात, विटांचा हौद रचवला. तळाशी वाळला पाचोळा, वर भाजीची देठे, फळांच्या साली, मग शेणकाला, मग माती, पुन्हा पाचोळा. सगळ्या बिऱ्हाडांना हुकूम सुटला, की यापुढे ओला कचरा इथे. आणि लोकांनी काय टाकावे? विड्यांची थोटके, फुटका कंगवा, आणि एका महाभागाने तर चक्क डाव्या पायाची वहाण!

मी संतापले. पण नुसते ओरडून ऐकेल ती आमची चाळ नव्हे. मी हौदाभोवती रांगोळी घातली आणि गॅलरीकडे तोंड करून गरजले, "हे सोवळ्यात आहे! अंघोळ केल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही!"

मात्रा अचूक लागू पडली. थोटके थांबली. उलट, समोरची कालिंदी रोजचे निर्माल्य आणून घालू लागली. कालिंदीने घातले म्हटल्यावर साऱ्या बायकांनी घातले. माझे म्हणाल, तर ढीग वरखाली करण्याचे काम मी दुसऱ्या कोणावर सोपवीत नसे. पहाटे स्नान करायचे, सोवळे नेसायचे, फावडे घ्यायचे आणि ढीग उलथायचा. आता सोवळे नेसल्यावर माझ्या तोंडी स्तोत्र येते, त्याला मी काय करणार? वर्षानुवर्षांची सवय आहे!

पौषातली थंड सकाळ होती. मी ढीग उलथून घरात आले, चहाचे आधण ठेवले, तोच तळमजल्यावरच्या शेवंतीची किंकाळी ऐकू आली. शेवंती मालवणची, तिचा नवरा लालबागच्या गिरणीत कामाला.

"काकीनू, धावा! ढिगातसून वाफ येता! आत कोणतरी श्वास घेता!"

मी खाली पोहोचेपर्यंत निम्मी चाळ जमा झाली होती. ढिगातून वाफा निघत होत्या, हे खरेच. खत नीट कुजू लागले की ते तापते, व्याख्यानात हेच तर सांगितले होते. मला कोण आनंद झाला!

"तापलं, तापलं!" मी टाळ्या पिटल्या.

हे मी बोलायला नको होते. कालिंदीने भीत भीत ढिगाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "काकू, खरं सांगा. इथे काय स्थापन केलंयत तुम्ही?"

"अगं, भाजीची देठं!"

"नसेल सांगायचं तर राहू दे. अशा गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, कळलं आम्हाला."

"अगं, दुधी भोपळ्याच्या साली आहेत त्या! कालच्या!"

"रोज पहाटे सोवळ्यानं स्तोत्रं म्हणता ती दुधी भोपळ्यासाठी?" कालिंदीने बिनतोड प्रश्न टाकला. मी तोंड उघडेपर्यंत तिने हळदकुंकू वाहूनसुद्धा टाकले.

संध्याकाळी पहिला नारळ फुटला. मी मोडता घालायला निघाले होते, पण मनात विचार आला, नारळाचे पाणी ढिगाला काही वाईट नाही! मग केळी आली. दुधाचा अभिषेक झाला. पत्री आली, दूर्वा आल्या, हार तर टोपल्यांनी आले. जे वाहतील ते खतातच जात होते! इतके पौष्टिक खत सरकारी शेतावर तरी होत असेल का?

माझी सून ऊर्मिला शिकलेली, संयुक्त महाराष्ट्राची एकही सभा न चुकवणारी. ती म्हणाली, "आई, हे अंगाशी येणार हं."

"तू सभा सांभाळ. ढीग मी सांभाळते!"

आणि मग आले चिंतामणी भावजी. खत कितपत झाले ते पाहायला म्हणून आले, वाफ पाहिली, चपला काढल्या आणि चौकातच साष्टांग नमस्कार घातला.

"वहिनी! धन्य आहात!"

"भावजी, उठा. हेच ते खत. तुमच्या बागेसाठी."

"खत?" त्यांनी कानांना हात लावले. "जागृत स्थान आहे हे! तुमच्याच हातून घडलं आणि तुम्हाला पत्ता नाही!" मग ते गर्दीकडे वळले. सत्याग्रहातला आवाज अजून शाबूत होता. "मंडळी, दिल्लीचा भरवसा नाही. मी नवस बोलतो. मुंबई महाराष्ट्रात येईपर्यंत ह्यातली चिमूटभरसुद्धा कोणी हलवायची नाही!"

"झालाच पाहिजे!" चौक दुमदुमला.

पावसाळ्याच्या आत खत नाही गेले, तर भावजी बाग विकणार. आणि भावजींच्याच नवसामुळे खत जाणार नाही! ढीग विटांच्या हौदात आणि हौदाची किल्ली दिल्लीत!

त्या दिवसापासून मी वर्तमानपत्र कपाळाला लावून वाचू लागले. आजवर मला राजकारणात गोडी नव्हती. आता मी ऊर्मिलेला सकाळी उठवून विचारी, "विधेयक कुठवर आलं?"

"चाललंय, आई."

"चाललंय म्हणजे? तुम्ही लोक घोषणा पोटातून देत नाही! पाऊस तोंडावर आलाय!"

"विधेयकाचा आणि पावसाचा काय संबंध?"

संबंध दाखवायला मी स्वतःच सभेला गेले. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" असे काही ओरडले, की पुढच्या रांगेतल्या गृहस्थांची टोपी उडाली. ते मागे वळून भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "आजी, या वयात ही तळमळ!" मी मान खाली घातली. तळमळ होतीच. फक्त नागावच्या सुपारीची होती, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

अखेर एक मे उजाडला. रोषणाई झाली, पेढे वाटले, गिरगावात माणसांचा पूर आला. चाळीत मात्र कोणालाच शंका नव्हती, की हे काम ढिगाचे. शेवंती तर गहिवरून म्हणाली, "काकीनू, तुमचो देव पावलो!"

दुसऱ्या सकाळी मी पदर खोचला आणि घमेले घेऊन हौदाशी गेले. काय खत झाले होते म्हणून सांगू! काळेभोर, भुसभुशीत, पहिल्या पावसात भिजलेल्या रानासारखा वास! मी घमेले भरणार, एवढ्यात वाजंत्री वाजली. भावजी पालखी घेऊन आले होते.

"वहिनी, नवस फिटला. देवाला नागावला नेतो. ज्या बागेत ह्याचं पाऊल पडेल, ती बाग विकण्याचं पाप आता सात जन्मांत कोण करील?"

बाग वाचली! मला हर्ष झाला. जाऊ दे पालखीतून, मातीला काय, पालखीतले चालते आणि घमेल्यातलेही चालते. कालिंदीने ओवाळले, भाऊच्या धक्क्यापर्यंत लेझीम खेळत मंडळी गेली, आणि मी मोठ्या दिमाखाने माझ्या बटाट्याच्या सालींना रेवसच्या बोटीत बसवून दिले.

पावसाळा सरल्यावर मी नागावला गेले. पाहते तो काय! बाग होती तशीच पिवळी. फक्त मधोमध एका सुपारीला गोल पार बांधलेला, सगळेच्या सगळे खत त्या पारात ओतलेले, आणि ते एकटे झाड हिरवेगार, फळांच्या घोसांनी लवलेले!

"भावजी!" मी जवळजवळ किंचाळले. "पाहिलंत? बाकीची झाडं बघा आणि हे बघा! आता तरी पटलं?"

"पटलं म्हणजे काय!" भावजींनी चपला काढल्या. "म्हणून तर म्हणतो, वहिनी, जागृत आहे!"

मी थोडा वेळ त्या झाडाकडे पाहिले, थोडा वेळ भावजींकडे पाहिले. मग घसा साफ केला आणि गंभीर आवाजात म्हणाले, "भावजी, मला दृष्टान्त झालाय. प्रत्येक झाडाखाली एकेक स्थान हवं."

भावजींनी तत्काळ मान डोलावली.

तेव्हापासून फणसवाडीतून नागावला पोत्यांमागून पोती जातात. बाग आता अशी काही फोफावली आहे, की शेतकी खात्याचे तेच व्याख्याते परवा मुद्दाम पाहून गेले. "बाई, आपली पद्धत शास्त्रशुद्ध आहे," असे म्हणाले. मी नम्रपणे मान लववली. पोते बोटीत चढण्यापूर्वी त्याची आरती करावी लागते, एवढा भाग तेवढा मी त्यांना सांगितला नाही!