कंट्रोल-पीचा लहरी कारभार

ऑफिसातला एकुलता एक प्रिंटर भाऊसाहेबांच्या कॉम्प्युटरला जोडलेला, हेच त्यांचं दुखणं. जो तो उठे, "जरा सरका हो" म्हणे आणि त्यांच्या खुर्चीत बसून आपलं पत्र छापून घेई. हेडक्लार्क असून भाऊसाहेब निम्मा दिवस भिंतीला टेकून उभे. शेवटी त्यांनी जावयाकडे गाऱ्हाणं केलं. जावई हुशार, जरा नको तितकाच. त्याने आपल्या गावी बसूनच, इंटरनेटवरून, एक छोटा प्रोग्रॅम बसवून दिला. कंट्रोल आणि पी दाबलं की पान कधी छापलं जाईल, कधी मिटेल, कधी पडदा उलटा होईल, तर कधी कॅल्क्युलेटर उघडेल. माउस तर केव्हाच मेला होता.

दोन दिवसांत खुर्ची मोकळी झाली. भाऊसाहेब खुशीत स्वतःचं पत्र छापायला बसले आणि पडदा उलटा झाला.

"जावईबापू, हे बंद कसं करायचं?" त्यांनी फोनवर विचारलं.

"तेही त्याच पोतडीत टाकलंय, बाबा. कंट्रोल-पी दाबत राहा, शंभरात एकदा लागेल. तुम्हीच म्हणालात ना, कुणाला सापडता कामा नये?"

जावयावर रागावायची सोय नाही. "बरं केलंत," म्हणून त्यांनी फोन ठेवला. थोडेच दिवस काढायचे होते म्हणा. मुलीच्या गावी बदली होऊ घातली होती. नात सहा महिन्यांची झाली, पण आजोबांनी तिला अजून फोटोतच पाहिलेलं.

आता सगळे म्हणू लागले, "भाऊसाहेब, तुम्हीच काढून द्या." त्यांनी हळू दाबून पाहिलं, जोरात दाबून पाहिलं, देवाचं नाव घेऊन पाहिलं. कागद कधी तिसऱ्या खेपेला येई, कधी नवव्या. डोकं पार चक्रावून गेलं.

एके दिवशी साहेब स्वतः आले. "तुमच्या बदलीची ऑर्डर. मीच छापतो."

त्यांनी दाबलं, कॅल्क्युलेटर उघडला. पुन्हा दाबलं, पान मिटलं. साहेबांना घाम फुटला.

"जरा सरा, साहेब." भाऊसाहेबांनी पान उघडून दाबलं आणि नेमका पहिल्याच फटक्यात कागद बाहेर आला.

साहेब सही करेनात. "तुम्ही गेल्यावर हे मशीन कोण चालवणार हो?"

नोकरीवर बेतलं तरी बेहत्तर, पण भाऊसाहेबांना नात हवी होती. जावयाचं नाव मात्र घेववेना. "साहेब, खरं सांगतो. हा घोळ मीच घातलाय. मुद्दाम."

"हे सगळं तुम्ही स्वतः बसवलंय?"

"हो. द्याल ती शिक्षा मान्य आहे."

साहेबांनी ऑर्डरची घडी करून ती खिशात टाकली. "आणि असा माणूस मी दुसऱ्या ऑफिसला देऊन टाकू? उद्यापासून सगळ्यांचे कॉम्प्युटर तुम्हीच बघा."