खालचं एकशे बारा

माणसाने खुर्चीतून उठू नये. निदान बायको हातात मोजपट्टी घेऊन घरात फिरत असेल तेव्हा तर मुळीच उठू नये. मी उठलो. रविवारची दुपार होती. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि परत येतो तर आमची ही माझ्या आरामखुर्चीची लांबी-रुंदी कागदावर टिपून घेत होती.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"शिलाई मशीन इथे बरोब्बर बसेल. खिडकीपाशी उजेड आहे. आतल्या खोलीत सुईत दोरा ओवता ओवता डोळे फुटायची वेळ आलीये माझी."

"आणि खुर्ची?"

"कुठली खुर्ची?" ती म्हणाली.

बघा! सतरा वर्षांपूर्वी पहिल्या पगारातून घेतलेली खुर्ची. तिच्यात माझ्या आकाराचा असा काही खड्डा पडलाय की दुसरं कुणी बसलं तर त्याला उठायला दोन माणसं लागतात. मी कार्यालयात आवक-जावक कारकून आहे. आलेल्या पत्रावर 'आवक' आणि निघालेल्या पत्रावर 'जावक' असा शिक्का मारायचा, हे माझं काम. ते बसून करावं लागतं. त्याने दमून मी घरी येतो आणि विश्रांती म्हणून बसतो. यात काय चुकलं?

"दिवसभर बसता, संध्याकाळी बसता," ही म्हणाली. "गेल्या वर्षी त्या शर्यतीत काय झालं, विसरलात वाटतं?"

हा वार कमरेखालचा होता. आमच्या शहरात दरवर्षी दहा किलोमीटरची मोठी शर्यत असते. हजारो लोक धावतात. साहेबांना उत्साह फार, म्हणून आमचं अख्खं कार्यालय नाव नोंदवतं. पहिल्या वर्षी मी ती एकशे बारा मिनिटांत पुरी केली. (माझ्या मागे दोघंच होते. एक रस्ता झाडणारा आणि दुसरा त्याचा मुकादम.) गेल्या वर्षी मात्र मला शेवटच्या गाडीने उचललं. रस्ता मोकळा करायचा असतो, म्हणून रेंगाळलेल्यांना गोळा करत एक पांढरी गाडी मागून येते. त्या गाडीवरच्या भोंग्यातून माझा नंबर पुकारला, "कृपया थांबा" असं अतिशय सभ्यपणे सांगितलं आणि मला पाण्याच्या रिकाम्या पिंपांमध्ये बसवलं. गाडी नेमकी आमच्या गॅलरीखालून गेली. सगळ्या बिल्डिंगने हात हलवला. मीही हलवला. काय करणार?

तेव्हा माझा स्वाभिमान जागा झाला. (तो क्वचित जागा होतो, पण अवेळी होतो.) मी म्हटलं, "यंदा मी माझा स्वतःचा विक्रम मोडला तर?"

"तर खुर्ची राहील. नाही मोडलात तर सोमवारी सकाळी भंगारवाला."

"शब्द?"

"शब्द. मी शब्द मोडत नाही. तुम्हीच त्या खुर्चीच्या स्प्रिंगा मोडल्यात."

आमच्या ऑफिसातला कॅशियर पट्टीचा धावणारा. त्याच्या अंगावर मांस असं नाहीच, नुसता हिशोब आहे. तो म्हणाला, "विक्रम काय म्हणता? पीबी म्हणा. पर्सनल बेस्ट. धावणारे सगळे असंच म्हणतात." मला शब्द आवडला. धावायला लागण्याआधीच आपण धावणाऱ्यांत जमा झालो असं वाटलं. मी दिवसातून दहादा तो वापरायला लागलो आणि तिथेच घात झाला.

सासूबाई आमच्याकडे आठ दिवसांसाठी आल्या होत्या. त्या आठ दिवसांचा तिसरा महिना चालू होता. बाई मायाळू, हाताला चव आणि कान तिखट. एका संध्याकाळी मी गॅलरीत कॅशियरशी फोनवर बोलत होतो आणि त्या दाराआड मटार सोलत होत्या. त्यांना माझीच बाजू ऐकू येत होती, ती अशी:

"हो, पीबी एकशे बारा आहे माझं... शंभराच्या खाली आणायलाच पाहिजे हो... नाही, घरात आत्ताच काही बोलायचं नाही, उगाच तमाशा नको... नाही आणलं तर? संपलंच मग. सोमवारी सकाळी येतील आणि उचलून नेतील."

आत मटारचं भांडं पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, मांजर असेल.

आता त्या माउलीने जन्मात कधी पीबी ऐकलेलं नाही. बीपी मात्र त्यांच्या माहेरच्या चार पिढ्यांत आहे. वरचं किती, खालचं किती, हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ. जावयाचं खालचं एकशे बारा, तो बिचारा ते पोटात ठेवून हिंडतोय, आणि पोरीला पत्ता नाही! त्यांनी मनाशी ठरवलं की पोरीला घाबरवायचं नाही, आपणच गुपचूप काय ते बघायचं.

दुसऱ्या दिवसापासून भाजीतलं मीठ गेलं. मला वाटलं, हा धावपटूंचा आहार असेल आणि हिने कुठेतरी वाचलं असेल. हिला वाटलं, आईच्या हाताची चव वयाने गेली, पण बोलून दाखवायचं कसं? आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत मुकाट्याने गिळत होतो. सासूबाई मला पंख्याने वारा घालत होत्या. छतावरचा पंखा चालू असताना!

"जावईबापू, मन शांत ठेवायचं," त्या म्हणाल्या. "सगळं खाली येतं."

"आणणारच, आई!" मी म्हटलं. "शंभराच्या आत!"

"शाब्बास!" त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले. मला गहिवरून आलं. सासरचं एक तरी माणूस आपल्या बाजूने आहे!

गुपचूप म्हणजे फक्त पोरीपासून गुपचूप. बिल्डिंगला त्यांनी दोन दिवसांत कळवलं होतं. खालच्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर मला जिन्यात भेटले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"एकशे बारा ना? घाबरू नका. माझा साडू एकशे वीसवर होता."

"एकशे वीस?" मला बरं वाटलं. "म्हणजे माझ्याही मागे! आता कुठे असतो?"

"गेला," स्टेशनमास्तर म्हणाले.

"कुठे?"

त्यांनी बोट वर केलं. मी वर बघितलं. वर गच्ची होती. गच्चीवर सराव करत असेल, असं समजून मी निघून आलो. (आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.)

शर्यतीच्या दिवशी मी पहाटेच बाहेर पडलो. आदल्या रात्रीच शर्टावर नंबर टाचून तो सगळ्यांना दिसेल असा खुंटीला टांगून ठेवला होता, चार हजार चारशे सतरा. सासूबाई सातला उठल्या. पुढचं हिने मला नंतर सांगितलं ते असं.

"जावईबापू कुठे गं?"

"धावायला गेलेत."

"अगं बाई! एकशे बारा असताना?"

"एकशे बारा आहे म्हणून तर गेलेत. ते खाली आणायचंय ना त्यांना."

"आणि तू जाऊ दिलंस? तुला माहीत होतं?"

"मीच धाडलं," ही मशीनच्या जागेकडे बघत म्हणाली. "नाही जमलं तर सोमवारी नेऊ देत. मी मन घट्ट केलंय."

पोटच्या पोरीचं हे बोलणं ऐकून सासूबाई चपला न घालताच बाहेर पडल्या.

इकडे मी चौथ्या किलोमीटरवर होतो. श्वासाची जावक व्यवस्थित चालू होती, पण आवक बंद पडली होती. पुढे कॅशियर दिसेनासा झाला होता. माझ्या शेजारून एक आजोबा चालत पुढे गेले आणि जाताना "चालू द्या" म्हणाले. घड्याळात बघितलं, याच गतीने गेलो तर सव्वाशे मिनिटं. मला डोळ्यांसमोर भंगारवाला दिसायला लागला. तो खुर्ची उलटी करून डोक्यावर घेऊन जिना उतरत होता. खरं सांगतो, मला रडू येत होतं.

इतक्यात मागून भोंगा वाजला.

"चार हजार चारशे सतरा, कृपया थांबा!"

मागे वळून बघतो तर पांढरी गाडी! इतक्या लवकर? चौथ्याच किलोमीटरला? (तो रुग्णवाहिकेचा भोंगा होता, हे मला कसं कळावं? वरचा लाल दिवा घामामुळे दिसला नाही. सासूबाईंनी आमच्या नाक्यावरच्या प्रथमोपचाराच्या तंबूत जाऊन माझा नंबर, शर्टाचा रंग आणि खालचं एकशे बारा, असं सगळं डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं.)

मी पळालो. आयुष्यात पहिल्यांदा पळालो म्हणा ना. त्याआधी करत होतो तो नुसता प्रयत्न होता.

"चार हजार चारशे सतरा, पळू नका!"

शर्यतीत पळू नका! ऐकलंय कधी? मी त्या चालणाऱ्या आजोबांना मागे टाकलं. पाणी देणाऱ्याच्या हातातला पेला उडाला, तो कुणाच्या अंगावर पडला ते बघितलं नाही. गर्दीत घुसलो की गाडी अडकायची. गर्दी विरळ झाली की पुन्हा भोंगा. सातव्या किलोमीटरला भोंग्यातून ओळखीचा आवाज आला.

"जावईबापू, थांबा हो! पोरीकडे तरी बघा!"

आता मात्र माझं डोकंच फिरलं. म्हणजे हिने आपल्या आईला गाडीत बसवून पाठवलं! एका खुर्चीसाठी ही बाई या थराला जाईल असं मला वाटलं नव्हतं. आणि ती म्हातारी! महिनाभर वारा घालत होती आणि आतून लेकीला सामील!

"नाही थांबणार!" मी ओरडलो. "मेलो तरी थांबणार नाही!"

भोंग्यातून हंबरडा ऐकू आला. रस्त्याच्या कडेचे लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, कुणीतरी मोठा धावणारा असणार, खास गाडी आहे मागे. नवव्या किलोमीटरला कॅशियर दिसला. त्याच्या पायात गोळा आला होता आणि तो खांब धरून उभा होता. मी त्याच्यासमोरून गेलो तेव्हा त्याने दोन्ही हातांनी डोळे चोळले.

शेवटच्या कमानीखाली मी आडवाच झालो. वर घड्याळ होतं. चौऱ्याण्णव मिनिटं! एकशे बारावरून चौऱ्याण्णव! मी रस्त्यावर पडल्या पडल्याच हसत होतो. खुर्ची वाचली!

डॉक्टरीणबाईंनी तिथेच माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला आणि यंत्राकडे बघितलं.

"वरचं एकशे ऐंशी," त्या म्हणाल्या. "खालचं एकशे बारा."

"बघा!" सासूबाई म्हणाल्या. "मी काय सांगत होते?"

"अहो, ते पीबी, बीपी नव्हे!" मी जीव तोडून म्हटलं.

"जीभही वळेना हो त्यांची," सासूबाई डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "अक्षरं उलटी पडताहेत."

आठवडाभराने पुन्हा तपासलं. धावणं नव्हतं, गाडी नव्हती, तरी बीपी वाढलेलंच. डॉक्टरीणबाईंनी माझं काम विचारलं, रविवार कसा घालवता ते विचारलं आणि कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. मीठ कमी. बसणं बंद, विशेषतः आरामखुर्चीत.

ही शब्दाची पक्की. म्हणाली, "तुम्ही जिंकलात. खुर्ची कुठेही जाणार नाही." आणि गेली नाही. खिडकीपाशीच आहे, जरा सरकवून. शेजारी मशीन बसलं. खुर्चीत सासूबाई बसतात आणि काजं-बटणं करतात. (त्या एकदा त्या खड्ड्यात बसल्या की कुणीतरी उठवल्याशिवाय उठत नाहीत, त्यामुळे परत जायचा विषयही निघत नाही.) मी उभा असतो. हिला मापं घेताना मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतोच.

शर्यतवाल्यांनी पाठवलेलं प्रमाणपत्र सासूबाईंनी हौसेने चौकट करून भिंतीवर लावलंय. त्यावर माझं नाव आहे आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, 'पीबी: ९४'. कपडे शिवायला टाकायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या खुर्चीतूनच ते दाखवतात.

"बीपी लिहिताना छापणाऱ्याने अक्षरं उलटी टाकलीत, पण आकडा बघा," त्या म्हणतात. "एकशे बारावरून चौऱ्याण्णववर आणलं मी. नुसत्या बिनमिठाच्या भाजीवर!"