पट्टीखालचं जानवं

लोखंडी कपाट आपण स्वतःच सरकवावं असं माझ्या मनात आलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. साल सत्त्याण्णव. आम्ही नवनगरला नुकतेच राहायला आलो होतो. उत्तरा म्हणाली, "हमाल बोलवा की हो." मी (ऑफिसात फायलीपेक्षा जड काही न उचललेला कारकून) म्हणालो, "कपाटच आहे, हत्ती नाही!" कपाट बोटभर सरकलं. मी मात्र जो वाकलो तो वाकलेलाच राहिलो.

मग मेडिकलमधून भोकाभोकांची औषधी पट्टी आली. त्या दिवसांत कंबर धरली की पाठीवर ती पट्टी, हे ठरलेलंच. लाइट गेली होती. उत्तरानं विचारलं, "कुठं लावू?"

"दुखतंय तिथं."

"सगळीकडंच दुखतंय म्हणताय की."

"मग अंदाजानं लाव!"

तिनं लावली आणि वरून दोन थापा मारल्या. (त्या गरजेपेक्षा जोरात होत्या, असं माझं अजून मत आहे.) त्यानंतर जानवं कानावर घेताना पाठीत काहीतरी ओढायचं. मी समजलो, शीर आखडली असेल.

नारळी पौर्णिमेला श्रावणी, म्हणजे जुनं जानवं बदलायचा दिवस. त्यासाठी माझे वडील, अण्णा, कलघटगीहून आदल्या दिवशीच आले. वय ऐंशीच्या घरात, त्यात शुगर. पण जानवं बदलेपर्यंत पोटात काही घ्यायचं नाही हा नियम पक्का, त्यांना आणि मलाही. माझ्या मुंजीपासून दर श्रावणीला माझ्या गळ्यात नवं जानवं तेच घालत. एरवी त्यांनी मला कधी जवळ घेतलेलं आठवत नाही. म्हणून त्या दोन मिनिटांची मी वर्षभर वाट बघायचो, चाळिशी आली तरी.

भटजी प्रभंजनाचार्यांनी मंत्र म्हटले, अण्णांनी नवं जानवं घातलं. "आता जुनं काढा," आचार्य म्हणाले. मी ओढलं. येईना. अण्णांनी ओढलं. जानव्याबरोबर मीच मागं गेलो.

अण्णांनी माझं उपरणं उचललं. "राघू, काय रे हे? जानव्यावर पट्टी चिकटवलीस?"

"मी नाही, उत्तरानं."

"अंदाजानं लाव म्हणालात की!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"कात्रीनं कापू का?" मी विचारलं.

"जानवं कापतात का रे कोणी?" अण्णा पाटावर ताठ बसले. "ते निघू दे. मग मी खाईन."

स्वयंपाकघरातून उप्पिटाचा वास येत होता. मी अण्णांकडं बघितलं. यांना चक्कर आली तर? आचार्य म्हणाले, "थोडं रॉकेल लावा." उत्तरानं नेलपॉलिश काढायची बाटली आणली. मी म्हणालो, "काही नको, एकदाच खस्सकन ओढा. मी सोसतो."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे डॉक्टर गुरुप्रसाद आले. (माझी आरोळी ओढण्याआधीच वर पोचली होती.) "गडबड माडब्याड्री!" घाई करू नका, असं ते कानडीत ओरडले. "खस्सकन ओढाल तर पट्टीबरोबर कातडं येईल. रॉकेल आणि ती बाटली तर लांबच ठेवा, भाजल्यासारखं होईल. खोबरेल आणा. कडेनं मुरवा आणि थांबा."

"तेल लागलं की परत आंघोळ," अण्णा म्हणाले.

"करेल की तो. मरत नाही."

तेल मुरलं. डॉक्टर सांगत होते आणि अण्णा करत होते. एका हातानं कातडी दाबून धरायची, दुसऱ्यानं पट्टी वर न उचलता अंगालगत मागं दुमडत न्यायची, केस ज्या बाजूला वळलेत त्याच बाजूला. अडलं की परत तेल. पाठीवर अण्णांचे हात थरथरत होते. भुकेनंच थरथरताहेत, या विचारानं मला रडू येऊ लागलं. "अण्णा, तुम्ही आधी दोन घास खा हो," मी काकुळतीनं म्हणालो.

"गप बैस," ते म्हणाले. आवाजही कापत होता.

अखेर जानवं अख्खं निघालं. पाठीवर लाल ठिपक्यांची रांगोळी आणि तिच्यातून तिरकी गेलेली जानव्याची रेघ राहिली. "आता गळ्यातलं विसरलास तरी चालेल," अण्णा म्हणाले, "पाठीवर छापलंय."

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. हल्ली जानवं मीच घालतो आणि पाठीवर ते हात नाहीत हे दर श्रावणीला जाणवतं. यंदा मी उत्तराला म्हणालो, "बिचारे त्या दिवशी उपाशीपोटी माझी पट्टी सोडवत बसले. हात किती थरथरत होते!"

उत्तरा माझ्याकडं बघतच राहिली. "उपाशी? शुगरच्या गोळीसाठी पहाटेच दोन वाट्या उप्पिट खाल्लं होतं की त्यांनी. वर दही. हात हसू दाबताना थरथरत होते."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तेच म्हणाले होते, राघूला सांगू नको, उत्तरा. कळलं तर तोही मागेल."