उडणाऱ्या गेंड्याचं मतदान

आमच्या सौंसरच्या गल्लीत निवडणूक नसतानाही अकरा पोरांच्या डाव्या हाताच्या बोटाला शाई दिसली, की समजावं, खवसे गुरुजींनी मतदान घेतलं.

मुलांच्या एका टीव्ही चॅनलवर दरवर्षी बक्षीस समारंभ होतो. आवडता हीरो, आवडतं कार्टून, सगळं मुलांच्याच मतांवर ठरतं. इतर ठिकाणी पोरं आईचा मोबाइल घेतात, बटण दाबतात आणि मोकळी होतात. आमच्याकडे तसं चालत नाही. शाळेच्या नोकरीत गुरुजींनी कितीतरी निवडणुकांत पीठासीन अधिकारी, म्हणजे मतदान केंद्राचे प्रमुख, म्हणून ड्युटी केलेली. नोकरी संपली, पण ते पीठावरून काही उठले नाहीत.

ओसरीवर टेबल, टेबलावर संत्र्यांचा रिकामा खोका आडवा, खोक्यात मोबाइल. पोरानं यादीत नाव दाखवायचं, शाई लावून घ्यायची, खोक्यात डोकं घालून मत द्यायचं. तोवर गुरुजी भिंतीकडे तोंड करून उभे. "मतदान गुप्त हाय," हे दर दोन मिनिटांनी.

यंदा उडणारा गेंडा आणि जासूस मांजर अशी लढत होती. माझी ओवी रांगेत होती. मी तिच्या कानात "मांजर" एवढंच म्हटलं.

"सूनबाई," गल्लीतल्या सगळ्याच सुनांना असं म्हणणारे गुरुजी भिंतीकडूनच बोलले, "परचार काल पाच वाजताच बंद झाला. तुमी फाटकाबाहेर उभ्या राहा."

मी खरंच बाहेर जाऊन उभी राहिले.

पंधरा दिवसांनी, रविवारी संध्याकाळी समारंभ. सगळी पोरं गुरुजींच्या टीव्हीसमोर. कार्टूनच्या निकालाचं पाकीट उघडणार, तेवढ्यात लाइट गेली. धाकटी दोघं रडायलाच लागली.

"बस स्टँडवरच्या हॉटेलात इन्व्हर्टर हाय. चाला," गुरुजी म्हणाले. आणि जो माणूस कधी नागपूरच्या बससाठीसुद्धा धावला नव्हता, तो पायजमा वर धरून धावत सुटला. मागे अकरा पोरं, त्यांच्यामागे मी.

हॉटेलात क्रिकेट लागलं होतं. गुरुजींनी सरळ रिमोट उचलला.

"गुरुजी, मॅच सुरू हाय जी," मालक म्हणाला.

"अन् इथं निकाल लागून राहिला."

गेंडा जिंकला. पोरांनी हॉटेल डोक्यावर घेतलं. गुरुजी बाकावर धापा टाकत हसत होते. त्यांची बायको, आमच्या काकू, वारल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आमच्या दारात.

"सूनबाई, येत्या रविवारी फेरमतदान ठेवून राहिलो. ओवीले पाठवजा."

"काहून जी? गेंडा तर जिंकला. कोणाची तक्रार हाय का?"

"तक्रार कोणाचीच नाही." ते जरा घुटमळले. "काल पोट्टे आपापल्या घरी गेले, अन् मी घरी आलो. दारात चपलांचा ढीग पडून राहते ना, बरं वाटते."

मी विचारलं, "किती वाजता पाठवू?"

"मतदान आठपासून हाय," ते म्हणाले. "पण सातलेच आली तरी चालते."